आरोग्य-अ‍ॅप आणि रुग्णाची समज : प्राथमिक शिक्षकाने करावयाचे साहाय्य

खेड्यातील शिक्षकाकडे गावकरी जे कागद वाचून घेण्यासाठी आणतात, त्यांत पूर्वी टपालाचे कार्ड, तगाईची नोटीस आणि सात-बाराचा उतारा हे प्रमुख असत. अलीकडे त्यांत दोन वस्तूंची भर पडली आहे. एक म्हणजे दवाखान्यातून मिळालेली औषधाची चिठ्ठी आणि दुसरी म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर आलेला आरोग्यविषयक संदेश. “गुरुजी, यात काय लिहिले आहे?” या प्रश्नाचे उत्तर देणे हे शिक्षकाच्या नेमून दिलेल्या कामात मोडत नसेल, परंतु गावात विश्वासाने विचारावे असे दुसरे माणूस जवळ नसल्यामुळे ते काम त्याच्याकडे येतेच. जे काम टाळता येत नाही, ते नीट करावे हे उत्तम. यास्तव मोबाइलवरील आरोग्य-अ‍ॅपांचा रुग्णाला उपयोग कोणता, त्यांची मर्यादा कोठे आणि त्या बाबतीत शिक्षकाने काय करावे व काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्यातील मुख्य मुद्दा प्रारंभीच सांगून ठेवणे बरे. अ‍ॅप माहिती पोचवते. समज मात्र आपोआप पोचत नाही. रुग्णाला जे सांगितले ते त्याने आपल्या शब्दांत परत सांगितले व स्वतः करून दाखविले, तरच ते त्याला समजले असे म्हणता येते. ही कसोटी वर्गात रोज वापरणारा मनुष्य म्हणजे शिक्षक. तेव्हा या कामात त्याची गरज वैद्यकीय ज्ञानासाठी नसून त्याच्या अध्यापनकौशल्यासाठी आहे.

आरोग्य-साक्षरता म्हणजे काय?

आरोग्य-साक्षरता हा शब्द नवा वाटला तरी त्याचा संबंध मुळापासून शाळेशी आहे. १९७४ साली अमेरिकेतील स्कॉट सायमंड्स यांनी ही संज्ञा वापरली, ती शाळेच्या प्रत्येक इयत्तेसाठी आरोग्यविषयक ज्ञानाची किमान पातळी ठरवावी, या प्रतिपादनाच्या ओघात. पुढे १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या परिभाषा-संग्रहात तिचा अर्थ स्पष्ट केला. त्याचा आशय असा की, आरोग्य राखण्यास व वाढविण्यास लागणारी माहिती मिळविणे, ती समजून घेणे आणि तिचा उपयोग करणे, यांसाठी आवश्यक असलेली कौशल्ये म्हणजे आरोग्य-साक्षरता. येथे मिळविणे, समजणे व वापरणे ही तीन क्रियापदे ध्यानात ठेवावीत. यांपैकी पहिल्या क्रियेत मोबाइलचे साहाय्य फार मोठे होते, दुसरीत थोडे होते आणि तिसरीत रुग्णाच्या घरची परिस्थिती निर्णायक ठरते.

ऑस्ट्रेलियातील अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० साली तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली व्यवहारोपयोगी : औषधाच्या पट्टीवरील तारीख वाचता येणे, पुढील तपासणीचा दिवस कळणे. दुसरी संवादाची : डॉक्टरांना वा आरोग्य सेविकेला योग्य प्रश्न विचारता येणे आणि मिळालेला सल्ला स्वतःच्या दिनक्रमात बसविता येणे. तिसरी चिकित्सेची : कानावर आलेली माहिती खरी की खोटी, ती आपल्याला लागू पडते की नाही, हे पारखता येणे. मोबाइलमुळे खरी व खोटी माहिती एकाच पडद्यावर, एकाच अक्षरांत, एकापाठोपाठ येऊ लागली आहे. त्यामुळे पूर्वी थोड्यांनाच लागणारी ही तिसरी पायरी आज प्रत्येक रुग्णाला चढावी लागत आहे.

वाचता येणे व कळणे यांतील अंतर

मुलगा पाठ्यपुस्तकातील उतारा घडाघडा वाचतो. परंतु त्यावर साधा प्रश्न विचारताच गप्प राहतो, हा अनुभव कोणाही शिक्षकाला नवा नाही. रुग्णाचेही तसेच होते. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रुग्णांना औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचावयास दिल्या होत्या. ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्यात’ या अर्थाची सूचना कमी वाचनक्षमता असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांनी बरोबर सांगितली. परंतु ‘मग दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा’ असे म्हणताच बरोबर चार गोळ्या दाखविणारे सुमारे ३५ टक्केच निघाले. म्हणजे सूचना तोंडपाठ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना ती कृतीत आणता आली नाही.

आपल्याकडील चिठ्ठीत हीच अडचण निराळ्या रूपाने येते. डॉक्टर औषधाच्या नावापुढे ‘१-०-१’ असे लिहितात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, असा त्याचा संकेत आहे. हा संकेत कोणी सांगितला नसेल तर दुसरीतील मूल तो ‘एकशे एक’ असा वाचील आणि निरक्षर आजीला त्यातून काहीच बोध होणार नाही. जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पाकिटे एक लिटर पाण्यासाठी मिळतात, तशीच २०० मिलिलिटर पाण्यासाठीही मिळतात. पाकिटावरील आकडा न पाहता मोठे पाकीट एका पेल्यात कालविले, तर मिश्रण फार खारट होऊन जुलाब झालेल्या बालकाला ते अपायकारक ठरते. लहान पाकीट लिटरभर पाण्यात कालविले, तर त्याचा गुण येत नाही. येथे चूक ज्ञानाची नसून अंकवाचनाची व मापनाची आहे. आणि अंकवाचन व मापन हा तर आपल्या शाळेचाच विषय आहे.

क्षयरोगाचे उदाहरण अधिक गंभीर आहे. त्याच्या उपचारात रिफाम्पिसिन नावाचे औषध असते. त्यामुळे लघवीचा, घामाचा व अश्रूंचाही रंग तांबूस-नारिंगी होतो. हा बदल निरुपद्रवी आहे. परंतु ही गोष्ट ज्याला अगोदर कळलेली नाही, त्या रुग्णाला लघवीवाटे रक्त जात आहे असे वाटते, तो घाबरतो व गोळ्या बंद करतो. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार साधारणपणे सहा महिने चालतो आणि पहिल्या काही आठवड्यांतच बरे वाटू लागते. त्यामुळे मध्येच गोळ्या सोडण्याचा मोह असतोच. त्यात ही भीती मिळाली म्हणजे उपचार तुटतो. तुटलेल्या उपचारातून औषधाला दाद न देणारा क्षयरोग उद्‌भवू शकतो आणि तो घरातील इतरांनाही जडू शकतो. एक वाक्य वेळेवर न कळल्याचा हा परिणाम होय.

अ‍ॅपांचे प्रकार व त्यांपासून होणारा लाभ

मोबाइलवरील आरोग्यसेवांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार माहिती देणाऱ्या सेवांचा. ‘किलकारी’ ही केंद्र सरकारची सेवा याचे चांगले उदाहरण आहे. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक याप्रमाणे ७२ ध्वनिसंदेश नोंदलेल्या मोबाइलवर येतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ही सेवा २०१६ मध्ये हाती घेतली. महाराष्ट्रात ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. हिच्यासाठी भारी मोबाइल लागत नाही व वाचताही यावे लागत नाही; आलेला फोन उचलून ऐकावयाचे, एवढेच. काटेकोरपणे बोलावयाचे तर हे अ‍ॅप नव्हे. परंतु ज्या घरात साधाच मोबाइल आहे, त्या घरासाठी हाच मार्ग अधिक उपयोगाचा आहे.

दुसरा प्रकार आठवण करून देणाऱ्या सेवांचा. गोळीची वेळ, लसीकरणाचा दिवस, रक्तदाब मोजण्याची तारीख यांची सूचना त्या देतात. तिसरा प्रकार डॉक्टरांशी गाठ घालून देणाऱ्या सेवांचा. ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२० पासून तीतून घरबसल्याही सल्ला मिळू लागला. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत दूरच्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय तीत आहे. चौथा प्रकार नोंदी जपणाऱ्या सेवांचा. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो व आपले तपासणी-अहवाल त्याला जोडून ठेवता येतात. ज्यांच्या घरी जुने केस पेपर पावसाळ्यात भिजतात किंवा उंदीर कुरतडतात, त्यांना या सोयीचे मोल सांगावे लागणार नाही.

यांचा खरोखर उपयोग होतो काय, असा प्रश्न विचारी शिक्षक विचारील. त्याचे उत्तर ‘होतो, पण सर्वत्र सारखा नाही’ असे आहे. आंध्र प्रदेश व तामिळनाडूमधील ५३७ पुरुषांवर झालेली एक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. हे सर्वजण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. आहार व व्यायाम यांविषयी प्रारंभीचा सल्ला सर्वांना दिला. त्यानंतर निम्म्यांना मोबाइलवर नियमितपणे छोटे संदेश पाठविले. दोन वर्षांनी पाहता, संदेश मिळालेल्यांत मधुमेह जडलेल्यांचे प्रमाण १८ टक्के व न मिळालेल्यांत २७ टक्के आढळले. संदेश थोडे, नेमके व पुनःपुन्हा येणारे होते आणि प्रत्येकाची मनाची तयारी पाहून ते बेतले होते. चांगल्या पाठाची लक्षणे याहून निराळी नाहीत.

उलटपक्षी, मध्य प्रदेशात ‘किलकारी’ची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत गर्भनिरोधक साधनांच्या वापरात थोडी वाढ दिसली; परंतु पहिले सहा महिने बालकाला केवळ आईचेच दूध द्यावे, या बाबतीत फरक पडलेला दिसला नाही. बालकाला मध-पाणी चाटवावे की नाही, हे पुष्कळदा एकटी आई ठरवीत नाही. सासू, आजी, शेजारीण अशा सर्वांचे मत त्यात असते. तेव्हा संदेश एका कानी पडून भागत नाही, तो घरात बोलला गेला पाहिजे, असा बोध आपण यातून घ्यावा.

मर्यादा व धोके

पहिली मर्यादा मोबाइल कोणाच्या हाती आहे ही. २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल भारतातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे ५७ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ३३ टक्के होते. रुग्ण आई आहे, मोबाइल मुलाकडे आहे आणि मुलगा दिवसभर कामावर आहे, अशी स्थिती असेल तर गोळीची आठवण भलत्याच खिशात वाजेल. म्हणून ‘अ‍ॅप आहे काय?’ यापूर्वी ‘मोबाइल दिवसा कोणाजवळ असतो?’ हा प्रश्न विचारावा.

दुसरा धोका अ‍ॅपच चुकीचे असण्याचा. मोबाइल छातीशी धरून व त्यावर बोट टेकवून रक्तदाब सांगण्याचा दावा करणारे एक अ‍ॅप २०१४-१५ मध्ये परदेशांत फार खपले. २०१६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी त्याची परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांना ते ‘वाढलेला नाही’ असे सांगत असल्याचे दिसून आले. इन्शुलिनची मात्रा काढून देणाऱ्या ४६ अ‍ॅपांची तपासणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३१ अ‍ॅपांत चुकीची मात्रा सुचविली जाण्याचा धोका होता. पडद्यावर आकडा दिसला म्हणजे तो खरा, ही समजूत किती घातक ठरू शकते हे यावरून कळून येईल.

तिसरा धोका सर्वांत सूक्ष्म आहे. नियम कळतो, परंतु त्यामागील कारण कळत नाही. ‘मधुमेह असलेल्याने साखर खाऊ नये’ हा संदेश गावोगाव पोचला आहे. आता समजा, इन्शुलिन किंवा विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या एका रुग्णाने औषध घेतले व जेवण चुकविले. त्याला दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, तो असंबद्ध बोलू लागला. त्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली आहे व त्याला या क्षणी साखरेचीच गरज आहे. शुद्धीवर असून त्याला गिळता येत असेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून त्वरित द्यावयास हवी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता वैद्यकीय मदत मिळविली पाहिजे. परंतु घरच्यांनी नियम तेवढा पाठ केला असेल, तर ते साखरेचा डबा दूर सारतील. ज्या संदेशाने रक्षण करावयाचे, तोच अर्धवट समजल्यामुळे जिवावर बेततो.

शिक्षकाने अवलंबावयाची पद्धत

आरोग्य-शिक्षणात एक साधी व कसाला उतरलेली रीत आहे. रुग्णाला समजावून दिल्यावर ‘समजले का?’ असे विचारावयाचे नाही. या प्रश्नाला वर्गातील मुले जसे एका सुरात ‘हो’ म्हणतात, तसेच रुग्णही म्हणतो. वडीलधाऱ्या माणसाला तर ‘नाही’ म्हणण्याचा संकोचच वाटतो. त्याऐवजी, त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगावे अशी विनंती करावयाची. ही विनंती परीक्षेच्या सुरात करू नये. “सखूमावशी, मी नीट सांगितले की नाही ते मला पाहावयाचे आहे. घरी गेल्यावर सूनबाईंना तुम्ही हे कसे सांगाल?” असे विचारले म्हणजे तपासणी शिक्षकाच्या सांगण्याची होते, मावशींच्या बुद्धीची होत नाही. उत्तर चुकले, तर तोच मजकूर मोठ्याने पुन्हा न सांगता निराळ्या शब्दांत, निराळ्या उदाहरणाने सांगावा.

प्रत्यक्ष कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

१. एका बैठकीत एकच गोष्ट घ्यावी. अ‍ॅपवर पन्नास पाने असतात. रुग्णाला आज लागणारे पान एक असते.

२. संदेश प्रथम अ‍ॅपवर जसा आहे तसा वाचावा वा ऐकवावा. मग गावच्या बोलीत सांगावा. ‘उपाशीपोटी’, ‘अनशापोटी’, ‘निरंक पोटी’ यांपैकी ऐकणाऱ्याच्या घरचा शब्द कोणता, तो शोधावा.

३. अमूर्त माप मूर्त करावे. ‘एक लिटर’ म्हणजे घरातील कोणते भांडे, हे मापून त्यावर खूण करावयास सांगावे. ‘१-०-१’ साठी उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य व चंद्र अशी चित्रे काढून द्यावीत.

४. परत सांगावयास व करून दाखवावयास लावावे. गोळ्या मोजून घ्याव्यात. मोबाइलवर आठवणीची घंटा रुग्णाच्याच बोटांनी लावून घ्यावी. शिक्षकाने लावून दिलेली घंटा दुसऱ्या दिवशी बंद पडली, तर ती पुन्हा कोण लावणार?

५. पुढील भेटीसाठी डॉक्टरांना विचारावयाचे तीन प्रश्न रुग्णाकडून तयार करून घ्यावेत : मला काय झाले आहे? मी काय करावयाचे आहे? आणि ते करणे का आवश्यक आहे?

६. आठवड्याने पुन्हा विचारावे. एकदा कळलेले विसरणे हा दोष नव्हे, तो मनाचा धर्म आहे. म्हणून तर उजळणी असते.

या कामासाठी वेगळी चौकट उभारण्याचे कारण नाही. प्रौढांच्या साक्षरतेशी महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकाचा संबंध जुना आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्राम-शिक्षण मोहीम शिक्षकांच्या व गावकऱ्यांच्या बळावरच राज्यभर पसरली. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या ‘उल्लास’ नव भारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील व्यक्तींच्या अक्षर व अंक-ओळखीबरोबरच डिजिटल साक्षरता व आरोग्यविषयक जाणीव यांचाही समावेश आहे. वाचनपाठ म्हणून गोळ्यांची पट्टी, अंकपाठ म्हणून औषधाची चिठ्ठी व लेखनपाठ म्हणून डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न घेतले, तर शिकणाऱ्याला शिकण्याचे प्रयोजनही तेथेच सापडते.

अ‍ॅप निवडताना

गावकऱ्याने ‘हे अ‍ॅप घेऊ का?’ असे विचारल्यास शिक्षकाने होय-नाही सांगण्यापेक्षा पुढील गोष्टी त्याच्यासमवेत पाहाव्यात. ते कोणी तयार केले आहे व त्यांचे नाव-पत्ता दिला आहे काय? त्यातील मराठी समजण्याजोगी आहे काय? माहिती केव्हाची आहे, हे नमूद केले आहे काय? कोणती लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे, हे ते सांगते काय? आणि ते काही विकू पाहते काय? मधुमेह, कर्करोग इत्यादी रोग हमखास बरे करण्याच्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा ‘एकवीस दिवसांत मधुमेह मुळासकट’ अशी घोषणा जेथे दिसेल, तेथे पुढे वाचण्याचेही कारण नाही.

अ‍ॅप मोबाइलमधील संपर्क, छायाचित्रे, ठिकाण इत्यादींची परवानगी मागते. गोळीची आठवण देण्यासाठी छायाचित्रांची गरज काय, असा प्रश्न रुग्णाला पडावयास हवा. रोगाची माहिती ही खाजगी बाब आहे आणि संमतीवाचून ती वापरली जाऊ नये, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अंतर्भूत आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी अनोळखी व्यक्तीला सांगू नये, हे तर प्रत्येक बैठकीत सांगावे.

शिक्षकाच्या मर्यादा

येथे एक रेषा स्पष्ट आखून घेतली पाहिजे. शिक्षक चिठ्ठी वाचून दाखवू शकतो. औषध सुचवू शकत नाही. मात्रा कमी-अधिक करणे, एका औषधाऐवजी दुसरे घ्यावयास सांगणे, अहवालातील आकडे पाहून रोगाचे निदान करणे, या गोष्टी त्याने कदापि करू नयेत. शंका आली की आशा सेविका, आरोग्य सेविका अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर यांच्याकडे रुग्णाला पाठवावे. शक्य तर बैठकीलाच आशाताईंना बोलवावे. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ व मानसिक त्रासासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हे क्रमांक फळ्याच्या एका कोपऱ्यात कायम लिहिलेले असावेत. छातीत कळ येणे, श्वास कोंडणे, अंगाचा एक भाग लुळा पडणे, अशा वेळी अ‍ॅप उघडीत बसणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे होय.

शाळेतील मुलांविषयीही तारतम्य हवे. घरातील पडद्यावरचे वाचणारे पुष्कळदा चौथी-पाचवीचे मूलच असते. औषधाची मुदत वाचणे, घड्याळ पाहणे, मापाने पाणी ओतणे, तापमापकावरील आकडा सांगणे, ही कामे त्याला शिकवावीत. परिसर अभ्यास व गणित यांत त्यांना सहज जागा आहे. परंतु आईच्या वा आजोबांच्या आजाराचा अहवाल मुलाला वाचावयास लावू नये. त्यात भीती वाटण्यासारखे किंवा गुप्त राखण्यासारखे काही असू शकते आणि ते ओझे त्या वयाला पेलणारे नसते. त्याचप्रमाणे, कोणाच्या रोगाचे नाव वर्गात, पारावर वा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर उदाहरणादाखल घेऊ नये. क्षयरोगासारख्या आजारात नाव बाहेर फुटले तर मुलीचे लग्न मोडण्यापर्यंत गोष्ट जाते. रुग्ण एकदा दुखावला, की तो पुन्हा कागद घेऊन येत नाही.

कामाचे मोजमाप

कोणत्याही उपक्रमाचा अहवाल लिहिताना संख्येचा मोह होतो. ‘गावात इतक्या लोकांनी अ‍ॅप घेतले’ हा आकडा मिळविणे सोपे आहे. परंतु त्यावरून कोणाचीही प्रकृती सुधारल्याचे सिद्ध होत नाही. त्याऐवजी महिन्याच्या शेवटी, आपल्याकडे आलेल्या रुग्णांपैकी किती जणांना पुढील चार गोष्टी न अडखळता सांगता आल्या, हे पाहावे : आपल्या औषधाचे नाव वा ओळख, ते घेण्याची वेळ, ते किती दिवस घ्यावयाचे आणि कोणते लक्षण दिसताच दवाखाना गाठावयाचा. पाच रुग्णांनी जरी ही चार उत्तरे नीट दिली, तरी ते काम लहान नव्हे. त्या पाच घरांत औषध मध्येच सुटण्याचा संभव तेवढा कमी झाला. आणि शेजारच्या घरी कोणी आजारी पडले, तर विचारावयास गावात आणखी पाच माणसे तयार झाली, असा त्याचा अर्थ होतो.